लिमूची ब्लांकेत : दावा, दाखला आणि चव

लिमू गावच्या वाइनच्या बाटल्यांवर, पत्रकांवर आणि जाहिरातींत एक साल सतत भेटतं : १५३१. त्या वर्षी जवळच्याच सेंत-इलेर मठातल्या बेनेडिक्टिन साधूंनी बूच मारून ठेवलेली पांढरी वाइन आपोआप फसफसू लागली आणि जगातली पहिली बुडबुड्यांची वाइन जन्माला आली, असं तिथे सांगतात. शॅम्पेन म्हणून जग जिला ओळखतं ती वाइन तेव्हा शंभरावर वर्षं दूर होती. काही जण या गोष्टीला वरून फोडणीही देतात. शॅम्पेनचा जनक मानला जाणारा दों पेरिन्यों म्हणे याच मठात येऊन ही विद्या शिकला आणि उत्तरेत जाऊन त्याने ती आपल्या नावावर खपवली.

ही फोडणी म्हणजे निव्वळ थाप. मूळ गोष्टीला थाप म्हणता येत नाही, पण ती जशीच्या तशी पटतही नाही. दक्षिण फ्रान्समधल्या या छोट्या गावाचा पाचेकशे वर्षांचा इतिहास त्या दोहोंच्या मधल्या जागेत आहे. त्यात काच आहे, बूच आहे, थंडी आहे, एक हट्टी द्राक्ष आहे आणि बंदुकीच्या गोळ्याही आहेत.

लिमू वसलं आहे ओद नदीच्या काठी, कार्कासोनच्या तटबंदीपासून दक्षिणेला पंचवीसेक किलोमीटरवर. इथून पुढे जमीन पिरेनीजच्या दिशेने चढत जाते. दक्षिण फ्रान्सचा हा लांगदोक प्रांत म्हटला की तापलेली जमीन, पाण्याची टंचाई आणि भरमसाट पिकणारी लाल वाइन डोळ्यांपुढे येते; लिमू त्या चित्रात बसत नाही. इथे भूमध्य समुद्राचा वारा येतो, तसा अटलांटिककडचा ओला गारवाही येतो, आणि डोंगर जवळ असल्यामुळे रात्री थंड असतात. उरलेल्या लांगदोकमध्ये द्राक्षांची तोडणी उरकलेली असताना इथले मळे हिरवेच असायचे. लिमूच्या वाइनचं सगळं वेगळेपण या उशिरात आहे.

सेंत-इलेर लिमूहून बारा-तेरा किलोमीटरवर आहे. मठ आज रिकामा आहे, पण चौदाव्या शतकातला ओवऱ्यांचा चौक शाबूत आहे. आत संत सेर्नांच्या हौतात्म्याचे प्रसंग कोरलेली बाराव्या शतकातली संगमरवरी शवपेटी आहे. काबेस्तानीचा उस्ताद एवढ्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका अनाम शिल्पकाराचं ते काम. मोठे डोळे, लांब बोटं, अंगावर धावून येणारे बैल. वाइनशी काही देणंघेणं नसलेल्या माणसानेही एवढ्यासाठी वाट वाकडी करावी. पर्यटक मात्र शवपेटीवर नजर टाकून खडकात खोदलेल्या तळघराकडे वळतात. १५३१ चा चमत्कार तिथे घडला असं त्यांना सांगितलेलं असतं.

आता दाखल्याचं बघू. ज्यावर निःशंकपणे बोट ठेवता येतं तो कागद १५४४ सालचा आहे. लिमू नगराच्या खजिनदाराच्या हिशेबात आर्कच्या जहागीरदारासाठी, म्हणजे ‘सियर द’आर्क’साठी, ब्लांकेत आणि क्लारे अशा दोन वाइन पुरवल्याची नोंद आहे. म्हणजे सोळाव्या शतकाच्या मध्यावर ब्लांकेत नावाची वाइन होती आणि ती बड्या माणसाच्या घरी पाठवण्याइतकी चांगली मानली जात होती, एवढं पक्कं. ती फसफसत होती की नाही हे खजिनदाराने लिहिलेलं नाही. हिशेब ठेवणाऱ्याला त्याची गरजही नव्हती. ब्लांकेत हे मुळात द्राक्षाचंच स्थानिक नाव. त्या वेलीच्या पानांच्या खालच्या अंगाला पांढरी लव असते, त्यावरून पडलेलं. द्राक्षाचं आजचं रूढ नाव मोझाक.

मोझाक उशिरा पिकतो. जुन्या काळी त्याची तोडणी ऑक्टोबरात, कधी त्याच्याही पुढे चालायची. रस पिंपात जाऊन आंबायला लागावा तोच पहाडाकडून थंडी उतरायची. द्राक्षरसातली साखर खाऊन तिचा मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करणारं यीस्ट थंडीत सुस्त पडतं. साखर अर्धीमुर्धी शिल्लक असतानाच आंबणं थांबायचं. मळेकऱ्याला वाटायचं, वाइन झाली. मग मार्च-एप्रिलमध्ये ऊन तापलं की तेच यीस्ट जागं होऊन उरलेल्या साखरेवर तुटून पडायचं. पिंप उघडं असेल तर वायू उडून जाणार. भांडं घट्ट बंद असेल तर तो वाइनमध्येच विरघळणार आणि बूच निघताच उसळून वर येणार. यात कुणाच्या प्रतिभेचा संबंध नाही. १५३१ साली सेंत-इलेरची वाइन फसफसली असेल यात मला शंका नाही. १५३० सालीही ती फसफसली असेल, आणि पंधराव्या शतकातही.

खरी अडचण भांड्याची आहे. बुडबुड्यांची वाइन वसंतात पिंपातून काढून तिथल्या तिथे पिणं वेगळं आणि ती बाटलीत कोंडून महिनोन्महिने सांभाळणं वेगळं. शॅम्पेनच्या आजच्या बाटलीत पाच-सहा वातावरणांइतका दाब असतो, मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. लिमूच्या जुन्या पद्धतीच्या वाइनचा दाब याहून कमी असतो हे खरं, पण सोळाव्या शतकातली फ्रेंच बाटली तोही पेलण्याजोगी नव्हती. लांगदोकमध्ये काच बनवणारे होते. ते स्वतःला सरदार घराण्यातले म्हणवत आणि त्यांच्या धंद्याला १४४५ च्या राजसनदेचं संरक्षण होतं. पण त्यांच्या भट्ट्या जंगलातल्या लाकडावर चालायच्या. त्या आचेवर निघणारी काच पातळ आणि ठिसूळ. तिची सुरई जेवणाच्या मेजावर शोभायची. आतून दाब आला की तडकायची.

बुचाच्या बाबतीत मात्र लिमूचं पारडं जड आहे. ज्या ओक झाडाच्या सालीपासून बूच करतात त्याची रानं पिरेनीजच्या पूर्व टोकाला, रुसियों आणि कातालोनियात आहेत, लिमूपासून फार लांब नव्हेत. उत्तर फ्रान्समध्ये तेलात भिजवलेली चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी बाटलीच्या तोंडात ठोकत असत. त्यातून वायू निसटायचा, वाइनही निसटायची. लिमूच्या साधूंच्या हाती चांगलं बूच आधी आलं असणं अगदी शक्य आहे. बूच होतं, वाइन होती, थंडी होती. नव्हती ती बाटली.

ती बाटली आली इंग्लंडातून. १६१५ साली पहिल्या जेम्स राजाने काचभट्ट्यांत लाकूड जाळायला मनाई केली. आरमाराच्या जहाजांसाठी ओकची झाडं राखायची होती. काचवाल्यांना झक मारत दगडी कोळशाकडे वळावं लागलं, आणि कोळशाची आच कडक असल्यामुळे काच जाड, काळपट आणि दणकट निघू लागली. राजाला जहाजं हवी होती. जगाला शॅम्पेनची बाटली मिळाली. पुढे १७ डिसेंबर १६६२ रोजी ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या वैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध वाचला. तिथले वाइनचे व्यापारी हरतऱ्हेच्या वाइनमध्ये साखर आणि काकवी घालून ती फसफसती करतात, हे त्यात एखाद्या सवयीच्या गोष्टीसारखं येऊन जातं. दों पेरिन्यों तेव्हा शॅम्पेन प्रांतातल्या ओव्हिलेरच्या मठात पोचलासुद्धा नव्हता. तो तिथे गेला १६६८ मध्ये. आणि गेल्यावर हयातभर, म्हणजे १७१५ पर्यंत, त्याने जी मेहनत घेतली ती वेगवेगळ्या मळ्यांची द्राक्षं एकत्र करून उत्तम निवळ वाइन करण्यासाठी. बुडबुडे त्याच्या लेखी दोष होता. त्याला बुडबुड्यांचा जनक केलं ते त्याच मठातल्या दों ग्रोसार नावाच्या साधूने, १८२१ मधल्या एका पत्रातून, म्हणजे मूळ पुरुष जाऊन शतक उलटल्यावर. पुढच्या काळातल्या जाहिरातदारांनी ती दंतकथा झकास वाढवली.

म्हणजे शॅम्पेनवाल्यांची कथा लिमूवाल्यांच्या कथेपेक्षा जास्त खरी आहे अशातला भाग नाही. दोन्हीकडे मठ, दोन्हीकडे साधू, दोन्हीकडे अपघात. विकायला काढलेल्या वाइनला साधू मानवतो. व्यापाऱ्याने शोध लावला असं सांगितलं तर गिऱ्हाईक खिसा चाचपतं.

मग शॅम्पेन जगभर गेली आणि ब्लांकेत मागे का राहिली? शोध आधी कुणी लावला याचा या प्रश्नाशी काडीचाही संबंध नाही. शॅम्पेनपासून पॅरिस जवळ. तिथल्याच रँसच्या कॅथेड्रलमध्ये फ्रान्सच्या राजांचा राज्याभिषेक व्हायचा, त्यामुळे तिथली वाइन दरबारात आधीपासून माहीत. २५ मे १७२८ च्या फर्मानाने पंधराव्या लुईने शॅम्पेनची वाइन बाटल्यांतून वाहून न्यायला परवानगी दिली. तोवर वाइन पिंपातूनच न्यावी लागे, आणि पिंपात बुडबुडे टिकत नाहीत. पुढच्याच वर्षी कापडाच्या धंद्यातल्या र्‍युइनार घराण्याने शॅम्पेनची पेढी काढली. १७३५ मध्ये बाटलीचं वजन किती असावं याचाही राजाने हुकूम काढला. एवढं होऊनही तळघरांत बाटल्या फुटतच होत्या. एक फुटली की शेजारच्या फुटायच्या, आणि कामगार तोंडावर तारेचे मुखवटे चढवून आत जायचे. नुकसान सोसायला भांडवल लागतं, ते तिथल्या पेढ्यांकडे होतं. १८३६ च्या सुमारास शालोंमधल्या फ्रान्स्वा नावाच्या औषधविक्रेत्याने वाइनमधली साखर मोजून दाबाचा अंदाज बांधायची रीत काढली तेव्हा कुठे फुटतूट आटोक्यात येऊ लागली.

लिमूकडे यातलं काही नव्हतं. ते लोकरीच्या कापडाचं गाव. पॅरिस सातशे किलोमीटरवर, मध्ये निम्मा फ्रान्स. ब्लांकेत भोवतालच्या गावांत, तुलूझपर्यंत, सणासुदीला प्यायली जायची. आंबण्याचा वेग आवरायला इथले लोक आणि शेजारच्या गायाकचे लोक वाइन कापडी पिशव्यांतून पुन्हा पुन्हा गाळत. गायाकमध्येही मोझाकच लावतात आणि तिथेही हीच जुनी रीत चालते. गाळणीत यीस्ट अडकायचं, वाइन मंदावायची, गोडी टिकायची. नुकसान झालंच तर ते एका घराचं व्हायचं. लिमूने जुनी पद्धत वारसा म्हणून जपली असं आज म्हणतात. मला वाटतं, नवी परवडत नव्हती म्हणून ती टिकली.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सगळ्या लांगदोकवरच आकाश कोसळलं. १८६३ च्या सुमारास ‘गार’ नावाच्या जिल्ह्यातल्या मळ्यांत वेली कारण कळेना अशा वाळू लागल्या. १८६८ मध्ये मोंपेलिएच्या प्लांशों या वनस्पतिशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सोबत्यांनी मुळांवरचा पिवळा मावा शोधून काढला : अमेरिकेहून आलेला फिलोक्सेरा. वीसेक वर्षांत त्याने दक्षिण फ्रान्स पोखरला. तोडगा निघाला तो अमेरिकन वेलींच्या खुंटावर फ्रेंच डोळे बांधण्याचा. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाच्या खुंटाचं कलम ज्यांनी केलं आहे त्यांना हा प्रकार समजावून सांगायला नको.

पण नव्याने लागवड झाली ती भरघोस पिकणाऱ्या जातींची, सपाट जमिनीवर. अल्जीरियातून जहाजं भरून वाइन येऊ लागली. त्यात टंचाईच्या काळात लागलेल्या सवयी सुटेनात : बेदाणे पाण्यात भिजवून वाइन करायची, चोथ्यावर साखरपाणी ओतून दुसरी धार काढायची, असल्या वाइनमध्ये पाणी घालायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भाव इतके पडले की तोडणीची मजुरी निघेना.

११ मार्च १९०७ रोजी ओद जिल्ह्यातल्या आर्जेलिये या खेड्यातले ८७ मळेकरी नार्बोनला निघाले. संसदेची चौकशी समिती तिथे आली होती, तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडायला. म्होरक्या होता मार्सेलें आल्बेर, एका कॅफेचा मालक आणि लहानसा मळेकरी. काळी दाढी, किडकिडीत अंग, बोलणं मात्र जबरदस्त. त्यानंतर दर रविवारी सभा भरू लागल्या आणि दर रविवारी गर्दी फुगत गेली. २६ मेला कार्कासोनमध्ये दोन लाखांहून जास्त माणूस जमला. ९ जूनला मोंपेलिएला पाच लाखांहून जास्त. मागणी एकच होती : खोटी वाइन बंद करा. शेकडो गावांच्या नगराध्यक्षांनी राजीनामे दिले, कर भरणं थांबलं. पंतप्रधान क्लेमांसोने लष्कर धाडलं. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळीबार होऊन सहा जण मेले. ती बातमी पोचताच सतराव्या पायदळ रेजिमेंटचे शिपाई बंड करून बेझिएला आले आणि बंदुका उलट्या धरून चौकात बसले. ती पोरं याच भागातली, मळेकऱ्यांचीच. आपल्या बापावर गोळी घाला म्हणणाऱ्याचं कोण ऐकणार?

आल्बेरचा शेवट मात्र केविलवाणा झाला. पकड वॉरंट चुकवत तो पॅरिसला पोचला आणि २३ जूनला थेट क्लेमांसोपुढे उभा राहिला. क्लेमांसो मुरलेला गडी. त्याने त्याला चार शब्द सुनावले, परत जाऊन लोकांना शांत कर म्हणाला आणि गाडीभाड्यासाठी शंभर फ्रँकची नोट हातावर ठेवली. आल्बेरने ती भोळेपणाने घेतली. तो बाहेर पडताच क्लेमांसोने पत्रकारांना बोलावून ही गोष्ट रंगवून सांगितली. गावी परतेपर्यंत आल्बेर विकला गेलेला माणूस ठरला होता. १९२१ मध्ये तो गरिबीत मेला. इतक्या स्वस्तात इतकं मोठं आंदोलन मोडल्याचं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पण आंदोलन वाया गेलं नाही. २९ जून १९०७ च्या कायद्याने वाइनमधल्या पाण्या-साखरेवर लगाम आला आणि प्रत्येक मळेकऱ्याने आपलं पीक जाहीर करावं असं ठरलं. वाइन कुठली, कशाची आणि किती, हे सरकारदरबारी नोंदवायची सवय तिथून लागली. १९३५ मध्ये त्यावर कळस चढला : ठरावीक प्रदेश, ठरावीक द्राक्षं आणि ठरावीक पद्धत यांना बांधलेली नावं देण्याची फ्रेंच पद्धत कायद्याने उभी राहिली. लिमूच्या ब्लांकेतला हे मानांकन १९३८ मध्ये मिळालं. लांगदोकमधल्या फार थोड्या वाइनना इतक्या लवकर हा मान मिळाला आहे. १५३१ च्या तारखेपेक्षा ही तारीख मला मोलाची वाटते. पहिलीच्या मागे आख्यायिका आहे, दुसरीच्या मागे रस्त्यावर उतरलेली माणसं.

१९४६ मध्ये लिमूच्या मळेकऱ्यांनी सहकारी वाइनघर काढलं. त्याला पुढे नाव दिलं सियर द’आर्क; १५४४ च्या हिशेबातला तोच जहागीरदार. खजिनदाराची एक ओळ चारशे वर्षांनी अशी कामाला आली.

नावाला भाव आला की नावाची चोरीही होते, याचा अनुभव याच ओद जिल्ह्याने पुढे घेतला. फेब्रुवारी २०१० मध्ये कार्कासोनच्या न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवलं. स्वस्तातली मेर्लो आणि सिरा ‘पिनो न्वार’ म्हणून एका बड्या अमेरिकन कंपनीच्या गळ्यात मारली होती, तीही लाखो बाटल्या. या भागात पिनो न्वार पिकतो तरी किती, असा साधा प्रश्न हिशेब तपासताना कुणाला तरी पडला आणि बिंग फुटलं. पीक नोंदवायची १९०७ ची सक्ती शंभर वर्षांनीही कामाला येते ती अशी. त्या प्रकरणाचा ब्लांकेतशी संबंध नव्हता.

आज लिमूच्या नावाने तीन प्रकारची फसफसती वाइन निघते आणि दुकानात भल्याभल्यांचा गोंधळ होतो. एक साधी ‘ब्लांकेत द लिमू’. तिच्यात किमान ९० टक्के मोझाक, बाकी शार्दोने आणि शेनिन ब्लाँ. आधी निवळ वाइन करायची, मग बाटलीत साखर आणि यीस्ट घालून दुसऱ्यांदा आंबवायचं आणि शेवटी गाळ काढून टाकायचा. ही शॅम्पेनचीच रीत, पण तिचं नाव लावायला १९९४ नंतर इतरांना बंदी असल्यामुळे लेबलवर ‘पारंपरिक पद्धत’ असं छापतात. दुसरी ‘क्रेमाँ द लिमू’, १९९० पासूनची. तिच्यात शार्दोने आणि शेनिन मुख्य. मोझाक तोंडी लावण्यापुरता. नाशिकच्या मळ्यांत ज्या शेनिनने बस्तान बसवलं आहे तोच हा शेनिन. क्रेमाँ नीटस, गुळगुळीत, परदेशी जिभेला चटकन पटणारी. ती चांगलीच असते, पण तशीच चांगली वाइन फ्रान्सच्या आणखी पाच-सात प्रांतांत मिळते.

तिसरी जुनी, ‘मेतोद आंसेस्त्राल’, म्हणजे वाडवडिलांच्या पद्धतीची. शंभर टक्के मोझाक. रस आंबायला लावायचा आणि पाच-सहा टक्के मद्यार्क झाला की थंड करून, गाळून, तसाच अर्धवट बाटलीत भरायचा. वरून साखर नाही की यीस्ट नाही. बाटली भरायची ती मार्चमधल्या कृष्णपक्षात, असा संकेत आहे. चंद्र उतरता असला की वाइन गढुळत नाही म्हणतात. पूर्वी हिवाळा करायचा ते काम आता थंडगार पोलादी टाक्या करतात, पण वसंत यायची वाट बघावीच लागते. उरलेलं आंबणं बाटलीत होतं, तेही पुरतं नाही. मद्यार्क सहा-सात टक्क्यांवर अडतो आणि बरीच साखर तशीच राहते. शॅम्पेनमध्ये मद्यार्क बाराच्या आसपास असतो, म्हणजे हिच्या जवळपास दुप्पट.

पेल्यात ओतली की ती जरा धुरकट दिसते, तळाशी कधी किंचित गाळ असतो. बुडबुडे बारीक आणि मऊ, नाकात घुसत नाहीत. वास सफरचंदाचा. लाल पिकल्या सफरचंदाचा नव्हे. हिरव्या सफरचंदाची साल नखाने खरवडल्यावर येतो तो. त्यामागे मध, थोडा फुलांचा दरवळ. घोट गोड लागतो, आणि अगदी शेवटी सालीचा एक बारीक कडवटपणा जिभेवर राहतो. मोझाकची खूण म्हणजे तो कडवटपणा. तो नसता तर ही वाइन शरबत झाली असती. लिमूची माणसं तिच्यासोबत पेब्रादू नावाची मिरेपूड घातलेली खुसखुशीत बिस्किटं खातात. गोड वाइन आणि तिखट बिस्किट ही जोडी ज्याने जुळवली त्याला दाद द्यायला हवी.

ब्लांकेतचा सण बघायचा तर लिमूचं कार्निव्हल गाठावं. ते दोन-चार दिवसांत आटोपत नाही. जानेवारीत सुरू होऊन ईस्टरच्या उंबरठ्यापर्यंत दर शनिवार-रविवार चालतं. गावातली एकेक मंडळी आपापल्या दिवशी मुखवटे चढवून, हातात रंगीत कागद गुंडाळलेली वेताची लांब काठी घेऊन प्लास द ला रेपुब्लिकच्या कमानींखाली उतरते. दिवसातून तीनदा, शेवटची फेरी रात्री दहाला. पुढे मुखवटेवाले ‘फेको’, मागे वाजंत्री. पावलं इतकी संथ की चौक ओलांडायला कॅफेमागून कॅफे लागतात, आणि प्रत्येक कॅफेत घोट असतो. शेवटच्या रात्रीला ‘ब्लांकेतची रात्र’ म्हणतात. त्या रात्री गवताचा कार्निव्हल राजा उभा करून त्याच्यावर ऑक्सितान या दक्षिणेच्या जुन्या भाषेत खटला चालवतात, वर्षभराची सगळी पापं त्याच्या माथी मारतात आणि त्याला जाळतात. पॅरिसच्या फ्रेंचमध्ये खटला चालवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

ईस्टरच्या आधीच्या रविवारी आणखी एक घडामोड होते. १९९० पासून सियर द’आर्क दर वर्षी निवडक शार्दोनेच्या पिंपांचा लिलाव करते आणि आलेल्या पैशातून पंचक्रोशीतल्या एका गावच्या चर्चचा घंटामनोरा दुरुस्त होतो. उपक्रम देखणा आहे, घंटा वाजू लागल्या आहेत. पण लिलाव शार्दोनेचा होतो, मोझाकचा होत नाही, हेही ध्यानात घ्यायला हवं. शार्दोने जगात कुठेही खपते. मोझाक लिमू आणि गायाक सोडलं तर फारसा कुणाला ठाऊक नाही, आणि मळेकऱ्याला घर चालवायचं असतं.

लिमूने १५३१ चा हट्ट सोडावा असं माझं मत आहे. पहिलेपणाच्या भांडणात शॅम्पेनची दंतकथा नेहमीच वरचढ ठरणार, कारण तिच्यामागे पैसा आहे. आणि इतिहासकारापुढे दोघांचेही साधू टिकत नाहीत. लिमूकडे दाखवायला याहून भक्कम गोष्ट आहे : थंडीने अर्धवट सोडलेलं काम वसंताने पुढे नेलेली वाइन, जी आजही बाजारात मिळते आणि शॅम्पेनच्या निम्म्याहून कमी पैशांत मिळते. युरोपात असाल आणि दुकानातल्या फळीवर लिमूचं नाव दिसलं तर नुसतं ‘ब्लांकेत’ वाचून बाटली उचलू नका. लेबलवर ‘मेतोद आंसेस्त्राल’ लिहिलं आहे का ते बघा, बाटली चांगली गार करा, आणि ती फार वर्षं ठेवून देऊ नका. ही वाइन त्याच वर्षी प्यायची असते.